बायको गोव्यात हाफ आयर्नमन करतेय. आम्ही घरच्यांनी काय करायचं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. बायकोनं यंदा मिरामारच्या हाफ आयर्नमनला नाव घातलंय. समुद्रात १.९ किमी पोहायचं, बाहेर येऊन ९० किमी सायकल मारायची आणि त्याच पायांनी २१.१ किमी पळायचं. सगळं सलग, साडेआठ तासांच्या आत. मैलांत बेरीज ७०.३ होते, म्हणून स्पर्धेच्या नावात तो आकडा.

आम्ही कोल्हापूरचे. ती बँकेत आहे. पहाटे राजाराम तलावावर पोहून येते, डबे भरते, आठ चाळीसला घर सोडते. सायकलचा लांबचा सराव रविवारी. हे सगळं जमतंय ते माझ्या आईमुळं. आईनंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "पोरीचं आणि सकाळच्या चहाचं मी बघते, तू तुझं बघ."

आता प्रश्न. मी, आई (वय ७१), तिसरीतली मुलगी आणि मेहुणा असे चौघं जाणार आहोत. बायको म्हणते, "तुम्ही उन्हात उभं राहू नका, हॉटेलवर थांबा, फिनिशला या." आई म्हणते, "मी सुरुवातीपासून असणार." माझं मत आईच्या बाजूनं आहे. हिनं वर्षभर एकटीनं घाम गाळला, त्या एका दिवशी तरी आपली माणसं तिला रस्त्यावर दिसली पाहिजेत. पण नुसतं उभं राहून उपयोग नाही, काहीतरी डोकं लावून केलं पाहिजे असं वाटतं. कुठं थांबायचं, काय न्यायचं, काय ओरडायचं? अनुभव असलेल्यांनी हात मोकळा सोडून लिहा.

हलगी_आणि_तुतारी

कोल्हापूरची सून समुद्रात उतरणार म्हटल्यावर विषयच संपला. नाद खुळा! वहिनींना आमच्याकडून शुभेच्छा. हलगी घेऊन या म्हणाल तर दोघं आहोत.

मीनल_ठाणे

माझ्या नवऱ्यानं मिरामारलाच केली आहे. मी आणि सासूबाई दोघी होतो. तेव्हा कोणी सांगायला नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पोहणं: इथं कोणालाही ओळखायच्या फंदात पडू नका. टोप्या सारख्या, गॉगल सारखे, पाण्यात फक्त हात वर येताना दिसतात. आम्ही दोघी अर्धा तास एका माणसाकडे बघून हात हलवत होतो, तो भलताच निघाला. सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, काही सेकंदांच्या अंतरानं थोडे थोडे सोडतात. प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या पायाला बांधलेल्या, वेळ नोंदवणाऱ्या चिपवरून सुरू होतं. त्यामुळे बाजूच्याचा माणूस बाहेर आला आणि आपला नाही, यावरून काहीच ठरत नाही. पोहण्याला साधारण सत्तर मिनिटांची मुदत असते. तेवढा वेळ आईंना खुर्चीवर बसवा आणि तुम्ही वाळूतून ट्रान्झिशनकडे (सायकली लावलेली, एक प्रकार संपवून दुसऱ्याची तयारी करायची जागा) जाणाऱ्या वाटेच्या कडेला जागा धरा. तिथं टोपी काढत पळत येतात, चेहरा नीट दिसतो.

ट्रान्झिशनमध्ये घरच्यांना सोडत नाहीत. सायकल आदल्या दिवशीच आत लावून ठेवावी लागते, पहाटे फक्त हवा तपासायला आणि बाटल्या लावायला जातात. तेव्हा पहाटे तिच्या मागे मागे फिरू नका. ती तिच्या तंद्रीत असते.

ॲप: सगळ्यांच्या मोबाइलवर आधीच घालून ठेवा, तिचा बिब नंबर (अंगावर लावायच्या पट्टीवरचा स्पर्धक क्रमांक) टाका. पण त्यावर फार विसंबू नका. ठरावीक ठिकाणी रस्त्यावर चटई असते, त्यावरून गेलं की वेळ उमटते. दोन चटयांच्या मधे ॲप अंदाजानं ठिपका पुढे सरकवत राहतं. चटईची नोंद उशिरा आली की ठिपका अडकतो, आणि इकडे आपला जीव टांगणीला. सासूबाईंनी त्या वीस मिनिटांत गणपती अथर्वशीर्ष दोनदा म्हटलं. तो मस्त सायकल चालवत होता.

कडूकारलं

सगळे कौतुक करतायत म्हणून वेगळी बाजू मांडतो. हे खेळ एकटा माणूस करतो, पण किंमत घर मोजतं. सायकल लाखाच्या घरात, बूट, वाटेत खायच्या गोड जेलची पाकिटं, प्रवेशशुल्क, हॉटेल. वर्षभराचे रविवार गेले ते वेगळेच. आणि आता ७१ वर्षांच्या आईनं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गोव्याच्या उन्हात दिवसभर उभं राहायचं? वहिनी स्वतः नको म्हणतायत, तर त्यांचं ऐका. फिनिशला हार घाला, फोटो काढा, झालं.

स्नेहांकिता

@कडूकारलं, रविवार गेले हे खरं आहे. आमच्याकडेही गेले. पण एक विचारते. नवरा सायकल घेऊन रविवारी बाहेर पडतो तेव्हा बायको पोरांना सांभाळते आणि कोणी त्यावर धागा काढत नाही. बायको बाहेर पडली की लगेच हिशेब मांडला जातो. इथं घरानं मिळून ठरवलंय, सासूनं स्वतः भार उचललाय. मग किंमत कुठली? मला तर त्या आजींना भेटावंसं वाटतंय.

कडूकारलं

नवऱ्यांनाही मी हेच सांगतो. माझ्या सख्ख्या भावाला सांगितलंय. मुद्दा बाई-पुरुषाचा नाही, वेळेचा आहे.

पणजीकर

मिरामारला माझं घर आहे, स्पर्धा दारावरून जाते. २०१९ साली पहिल्यांदा झाली तेव्हापासून बघतोय. मधली दोन वर्षं कोविडमुळे गेली, नाहीतर दर वर्षी. तेव्हा थोडी जागेची माहिती.

१) हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. स्पर्धा रविवारी असते आणि पहाटेपासून रस्ते बंद. पर्वरीला किंवा कळंगुटला राहिलात तर गाडी कुठेतरी अलीकडेच सोडावी लागेल आणि आईंना तंगडतोड होईल.

२) मिरामारच्या किनाऱ्यावर पहाटे बरं असतं. मांडवीच्या मुखापलीकडे आग्वाद दिसतो, वारा असतो. साडेनवानंतर मात्र अंगाला चिकटणारा उकाडा. घाम वाळत नाही, हीच इथली खरी अडचण. कोरड्या हवेत सराव केलेल्यांना तोच दमवतो.

३) सायकल आणि पळणं दोन्ही फेऱ्यांचं असतं, म्हणजे एका जागी थांबलात तरी ती पुन्हा पुन्हा समोरून जाते. मिरामार ते दोनापावल पट्ट्यात झाडांची सावली शोधा. आदल्या संध्याकाळी फिरून जागा हेरून ठेवा. सकाळी जी सावली आहे ती अकरा वाजता नसते, हे लक्षात घ्या.

४) कॉलेजची मुलं पाण्याच्या टेबलांवर मदतीला असतात. त्यांच्यासाठीही दोन टाळ्या वाजवा. ती मुलं पहाटेपासून उभी असतात.

एक गोष्ट मनापासून लिहितो. रस्ते बंद झाले की आमच्या भागातली जुनी माणसं वैतागतात. रविवारी सकाळी चर्चला जायचं असतं, कोणाला दवाखान्यात. ही नाराजी खोटी नाही. बाहेरून येणाऱ्यांनी एवढंच करावं, कोणाच्या गेटसमोर गाडी लावू नये आणि कचरा उचलून न्यावा. बाकी आमच्या गल्लीतली पोरं बादल्या वाजवायला तयारच असतात.

पंचगंगाकाठ

@पणजीकर, देव बरें करूं. हॉटेल बदललं. @मीनल, टोपीचा मुद्दा मेहुण्याला वाचून दाखवला, तो दुर्बीण घेणार होता.

आईनं विचारलंय, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी वाटेत देता येईल का? सायकलवरून जाताना हातात द्यायची म्हणते.

घड्याळ_आणि_वाट

नाही! कृपया देऊ नका. मी हौशी स्पर्धकांना शिकवतो, म्हणून नियम स्पष्ट सांगतो.

बाहेरच्या माणसानं स्पर्धकाला खाणं, पाणी, सामान काहीही द्यायचं नाही. सोबत पळायचं नाही, सायकल किंवा स्कूटरवरून शेजारून जायचं नाही. हे सगळं बाहेरची मदत धरतात. पंचानं पाहिलं तर दंड, प्रसंगी बाद. फिनिशच्या पट्ट्यात मुलीला हात धरून आत घेऊन पळणंही चालत नाही. हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा, विशेषतः मुलीला, नाहीतर ऐनवेळी ती बॅरिकेडखालून आत शिरेल. ओरडणं, टाळ्या, पाट्या, सगळं चालतं. स्पर्धकाला कानात गाणी लावायला मनाई असते, म्हणजे तुमचा आवाज तिला शंभर टक्के ऐकू जाणार. तेवढंच तुमचं हत्यार.

राजू_सोलापूर

दशमी दिली तर काय बिघडलं? सासूनं सुनेला दशमी द्यायला पंचाची परवानगी? अवघड आहे.

घड्याळ_आणि_वाट

@राजू, गंमत म्हणजे पहिल्या स्पर्धेत हे उलटं होतं. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवरा-बायकोच्या कल्पनेतून पहिली आयर्नमन झाली. पंधरा जण उतरले, बारा पोचले. वाटेत पाण्याची टेबलं वगैरे काही नव्हतं. प्रत्येकानं खाणंपिणं द्यायला आपली माणसं आपण आणायची. जॉन डनबार नावाचा नौदलाचा माजी कमांडो पुढे होता, त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर दिली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. त्या काळी ज्याची माणसं भक्कम, तो भक्कम. आता हजारो लोक उतरतात. ज्याचं घर सोबत आलंय त्याला दशमी आणि जो एकटा आलाय त्याला काही नाही, हे बरोबर नाही. म्हणून नियम.

राजू_सोलापूर

हे पटलं. दशमी फिनिशनंतर.

मीनल_ठाणे

पण भावानं भावाला धरून फिनिशपर्यंत आणल्याचा व्हिडिओ पाहिलाय की. तो कसा चालला?

घड्याळ_आणि_वाट

ब्राउनली बंधू, २०१६, मेक्सिकोतलं कोझुमेल. जॉनी पुढे होता, शेवटी शेवटी उन्हानं पाय लटपटायला लागले. मागून थोरला अ‍ॅलिस्टर आला, त्यानं स्वतःच्या जिंकण्याचा विचार न करता त्याचा हात खांद्यावर घेतला, ओढत आणला आणि रेषेपलीकडे आधी त्याला ढकललं. जॉनी दुसरा, अ‍ॅलिस्टर तिसरा, दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन पहिला. ती आयर्नमन नव्हती, कमी अंतराची जागतिक मालिकेतली शर्यत होती. मदत करणारा स्वतः स्पर्धक होता, म्हणून ते नियमात बसलं. स्पेननं हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली.

फ्रँकफुर्टची_मावशी

उशिरा आले धाग्यावर, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्या मुलीनं इथली पूर्ण आयर्नमन केली, म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं. पोहणं लांगनच्या तळ्यात, शहराबाहेर. धावणं माइन नदीच्या दोन्ही काठांनी चार फेऱ्या, आणि शेवट रोमरबर्गच्या जुन्या चौकात. चौकात तर जत्रेसारखी गर्दी. सगळे तिथंच जागा धरून बसतात, आमचेही जाणार होते. मी म्हटलं, तिथं आपली गरज नाही, तिथं तिच्यासाठी ओरडायला हजार लोक आहेत. नदीच्या पलीकडे एका पुलाखालून वळल्यावर शांत पट्टा होता, तिथं जाऊन थांबलो.

पहिल्या फेरीला ती हसली, बोलली, मला फ्लाइंग किस दिला. दुसऱ्या फेरीला हसली नाही, नुसता हात केला. तिसऱ्या फेरीला माझ्याकडे बघितलं, पण ओळख पटल्यासारखी नजर नव्हती. ओठांच्या कडेला मिठाचा पांढरा थर, बिबचा एक कोपरा सुटलेला, डावा खांदा खाली झुकलेला. आईच्या पोटात काय झालं असेल ते सांगत नाही. माझा नवरा म्हणाला, "थांबायला सांगू का?" मी म्हटलं, नाही. मी तिला तिच्या लहानपणीच्या नावानं हाक मारली आणि म्हटलं, "खांदे सोड, बिब लाव." एवढंच. तिनं चालता चालता बिबची पिन लावली आणि पुन्हा पळायला लागली. नंतर म्हणाली, दिवसभरात ऐकलेलं तेवढंच एक वाक्य लक्षात आहे.

त्यामुळे माझं सांगणं:

"अजून थोडंच राहिलं" हे कधी म्हणू नका. तिला नेमकं किती राहिलंय ते माहीत असतं, आणि ते थोडं नसतं. "कशी आहेस? बरं वाटतंय का?" हेही नको. उत्तर द्यायला श्वास लागतो, आणि खरं उत्तर "नाही" असंच असतं. तिचं नाव घ्या आणि तिला करता येईल अशी एखादी बारीक गोष्ट सांगा. पाणी डोक्यावर घे, खांदे सोड, टोपी सरळ कर.

आणि रडू आलं तर ती गेल्यावर रडा.

आजीबाई_बटवा

मावशी, काय लिहिलंत हो. वाचताना घसा दाटला. मी ६८ वर्षांची आहे, नातू पोहतो. "खांदे सोड" लिहून फ्रिजवर लावलंय.

डॉ_पाऊलवाट

खेळाडूंवर उपचार करते, म्हणून दोन-तीन गोष्टी.

आईंना न्या, पण त्यांचंही नियोजन करा. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी, पोटात नाश्ता, घडीची खुर्ची, टोपी, साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी. दर दोन तासांनी खोलीवर किंवा गार जागेत अर्धा तास. सायकलचे अडीच-तीन तास हा विश्रांतीचाच काळ. तेव्हा ती समोरून दोन सेकंदांत निघून जाते, बघण्यासारखं काही नसतं. जेवून घ्या, मुलीला झोपवा. खरी गरज पळण्याच्या दुसऱ्या निम्म्यात, तेव्हा ताजेतवाने असा.

स्पर्धकाबद्दल: दमलेला चेहरा म्हणजे धोका नाही. पण बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला, उलट्या थांबेनात, कुठं आहे ते कळेना, तर स्वतः डोकं न चालवता लगेच वैद्यकीय पथकाला हाक मारा. उष्माघात आणि नुसतं पाणी ढोसून अंगातलं सोडियम खाली जाणं, दोन्ही बाहेरून सारखं दिसू शकतं आणि उपाय वेगळे आहेत. "पाणी पी, पाणी पी" असा घोष करू नका. ती तिच्या ठरवलेल्या प्रमाणात क्षार आणि पाणी घेत असेल.

फिनिशनंतर लगेच आडवं पडू देऊ नका. पाच-दहा मिनिटं हळूहळू चालवा, कोरडा टीशर्ट द्या, खारट काहीतरी खाऊ द्या. जेल खाऊन खाऊन गोडाचा वीट आलेला असतो, म्हणून पेढे नंतर.

नदीष्ट

सगळे फिनिशबद्दल बोलतायत, मी न झालेल्या फिनिशबद्दल लिहितो. घरच्यांनी याचीही तयारी ठेवावी.

माझा धाकटा भाऊ अशाच एका स्पर्धेत सायकलच्या मुदतीला काही मिनिटं कमी पडला. पंक्चर झालं, ट्यूब बदलताना दुसरीही फुटली. सायकल संपवून आत आला तेव्हा त्याच्या पायातली चिप काढून घेतली. आम्ही पळण्याच्या वाटेवर पाट्या घेऊन उभे. ॲपवर काही दिसेना. बऱ्याच वेळानं तो चपला घालून चालत आमच्याकडे आला.

काकांनी लगेच सुरू केलं, "अरे पुढच्या वर्षी बघू, काही होत नाही, एवढं केलंस हेच खूप." भाऊ ऐकून घेत होता, पण चेहरा दगडाचा. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी त्याची पिशवी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "सायकल कुठनं घ्यायची?" दोघं जाऊन सायकल घेऊन आले, गाडीच्या कॅरिअरला बांधली, चाक नीट बसलंय का ते दोघांनी मिळून बघितलं. वाटेत ढाब्यावर तो आपणहून बोलायला लागला, आणि मग थांबेना. त्यानंतरच्या स्पर्धेला सगळ्यात आधी रजा टाकली ती वडिलांनी.

कडूकारलं

@नदीष्ट, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

@पंचगंगाकाठ, माझा वेळेचा मुद्दा कायम आहे. पण डॉक्टरांनी सांगितलंय तसं आईंना मधे मधे आत नेणार असाल तर माझी हरकत मागे.

हलगी_आणि_तुतारी

आता पाट्यांचं बघू. इंग्रजीतल्या त्याच त्याच पाट्या बघून कंटाळा आला. मराठीत होऊन जाऊ दे. माझ्याकडून: "पळ वहिनी पळ, रंकाळ्याचं बळ!"

राजू_सोलापूर

"डबा आज आम्ही केलाय, तू फक्त पळ."

स्नेहांकिता

"बँकेला सुट्टी आहे, पायांना नाही."

मीनल_ठाणे

"सासू बघतेय, चालू नकोस!" (प्रेमानं हं.)

पणजीकर

अक्षरं मोठी आणि शब्द चार, एवढंच बघा. पळणाऱ्याला लांब मजकूर वाचता येत नाही. आणि पाटी जाड पुठ्ठ्याची करा, समुद्राच्या वाऱ्यानं कागद उडतो.

शिवाजी_पार्क_कट्टा

मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर २०१५ साली झुरिकची पूर्ण आयर्नमन १५ तास १९ मिनिटांत करून आला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर निम्म्या लोकांना हा प्रकार पहिल्यांदा कळला. मला मात्र पुढच्या वर्षीचा त्याच्या आईचा व्हिडिओ जास्त आवडला. उषाताई साडी नेसून, अनवाणी, लेकाबरोबर रस्त्यानं पळताना. म्हणून या आजींचं वाचून काही नवल वाटलं नाही. आपल्याकडच्या आया अशाच.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचं वाचून आमचं ठरलं ते असं. पहाटे किनाऱ्यावर सगळे. ती पोहून बाहेर आली की आई आणि मुलगी खोलीवर, मी आणि मेहुणा सायकलच्या दोन टोकांना. पळण्याच्या पहिल्या फेरीनंतर आई आणि मुलगी येतील आणि फिनिशपासून लांब, दोनापावलच्या बाजूला जिथं गर्दी नसेल तिथं थांबतील. फिनिशला मेहुणा एकटाच. बायकोला हा आराखडा दाखवला. तिनं वाचला आणि म्हणाली, "मग मला सांगून ठेवा आई कुठल्या झाडाखाली असतील, मी तिथपर्यंतचं पळणं मोजून काढीन." म्हणजे हॉटेलवर थांबा हा विषय संपला.

आजीबाई_बटवा

आता निकाल कळवल्याशिवाय राहायचं नाही. जीव टांगला आहे आमचाही.

पंचगंगाकाठ

मंडळी, झाली! ७ तास ५२ मिनिटं.

कालच परत आलो, आज सवड मिळाली. पोहणं तिच्या अंदाजापेक्षा चांगलं गेलं, वाळूतून वर येताना तिनं आमच्याकडे बघून दोन बोटं वर केली आणि गेली. सायकलवर शेवटच्या फेरीत वारा समोरून होता, ॲपचा ठिपका अडकला, मेहुण्याचे सारखे फोन. मी त्याला मीनलताईंचं वाक्य ऐकवत राहिलो.

खरी परीक्षा पळताना. उकाडा असा की नुसतं उभं राहून माझा शर्ट पिळून निघाला. पहिल्या फेरीला ती ठीक होती. दुसऱ्या फेरीला चालत आली. बुटात डोक्यावर ओतलेलं पाणी साठून पचपच आवाज येत होता, टोपीखाली बर्फाचे तुकडे कोंबलेले. मुलगी "मम्मी!" म्हणून ओरडली आणि पाटी वर धरली. पाटीवर तिनं स्वतःच लिहिलं होतं, "मम्मी, गृहपाठ केला". बायको एवढी दमलेली असूनही हसली.

आई खुर्चीतून उठून रस्त्याच्या कडेला आली. मला वाटलं काही देते की काय, मी पदर धरायलाच पुढं झालो. तिनं हात मागं बांधून घेतले होते, मुद्दाम, चुकून काही पुढं होऊ नये म्हणून. आणि म्हणाली, "पुढच्या खांबापर्यंत पळ. मग पुढचं बघू." बायको पळायला लागली. खांब गेला तरी थांबली नाही, वळणापर्यंत आम्हाला दिसत होती. शेवटच्या फेरीला आली तेव्हा लांबूनच ओरडली, "आई, कुठला खांब?" आईनं हात लांब करून पार टोकाचा दाखवला. शेजारी उभी असलेली दोन-तीन अनोळखी कुटुंबंही मग येणाऱ्या प्रत्येकाला खांब दाखवायला लागली. पणजीकरांच्या गल्लीतली बादल्यावाली पोरं तिथंच होती, त्यांनी तालच धरला.

फिनिशला मेडल घेऊन बाहेर आल्यावर मेहुण्यानं तिला चालवलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पेढे लपवून ठेवले होते. तिनं पहिल्यांदा काय मागितलं असेल? शेंगदाण्याची चटणी. नुसती, चिमटीनं.

आईला काही त्रास झाला नाही. उलट संध्याकाळी तीच सगळ्यांना मासे खायला घेऊन गेली.

फ्रँकफुर्टची_मावशी

"पुढच्या खांबापर्यंत पळ." तुमच्या आईंना माझा साष्टांग नमस्कार. हे मला सुचलं नव्हतं. लेकीला आत्ताच पाठवलं.

स्नेहांकिता

अभिनंदन! मुलीच्या पाटीचा फोटो टाका, चेहरा न दाखवता.

कडूकारलं

अभिनंदन, वहिनींचं आणि आईंचं दोघींचं. भावाला हा धागा पाठवतो.

नदीष्ट

मनापासून अभिनंदन. ७:५२ म्हणजे हातात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ. उत्तम.

राजू_सोलापूर

हे वाचून आमच्या घरात चर्चा सुरू झालीय. बायको सायकल चालवते, मी पळतो, पण पोहणं दोघांनाही येत नाही. तिघांत वाटून करता येते असं ऐकलं, खरं का?

घड्याळ_आणि_वाट

हो, रिले असते. एक पोहतो, एक सायकल, एक पळतो, चिप एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची. नोंदणी सुरू झाली की त्या वर्षीचे नियम आधी वाचून घ्या. सायकलवाल्याला ताटकळत उभं राहावं लागतं, तेव्हा पोहणारा वेळेवर बाहेर येईल असा बघा. समुद्रात पोहण्याचा सराव असलेलाच माणूस घ्या, तलावातल्या पोहणाऱ्याला लाटांची सवय नसते.

पणजीकर

@राजू_सोलापूर, समुद्रात पोहणारा हवा असेल तर माझा पुतण्या आहे, रोज सकाळी मिरामारलाच पोहतो. निरोप टाका. राहायला आमच्याकडे या, हॉटेल नको.